रात्रीच्या शूटिंगसाठी कॅमेरा : खरा खर्च किती?

रात्रीची हळद, जागरण-गोंधळ, सप्ताहातलं कीर्तन, पहाटेचा काकडा, जत्रेतला छबिना. सुपे परिसरात व्हिडिओचं बरंचसं काम अंधारातच निघतं. त्यासाठी कॅमेरा घ्यायला निघाला असाल तर घरातून निघण्याआधीच एक हिशेब मांडा. दुकानात ६०,००० रुपयांची बॉडी सांगितली, तर पहिलं काम नीट करण्याइतकं सामान जमेपर्यंत तुमचे ९० हजार ते एक लाख पंधरा हजारांच्या आसपास जातात. ही फोड पाहा : उजेड घेणारी लेन्स १२ ते २८ हजार, १२८ जीबीची दोन कार्डं साडेतीन हजार, जादा बॅटऱ्या तीन ते पाच हजार, एलईडी पॅनल बॅटरीसह चार हजार, वायरलेस माइक सहा ते बारा हजार, ट्रायपॉड तीन हजार. हे सगळे आकडे साधारण बाजारभावाचे आहेत. सणासुदीला उतरतात, लग्नसराईत चढतात. म्हणून खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारूनच पैसे द्या.

आधी हे ठरवा, की कॅमेरा लागतोच का? घरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर जाणार असेल तर नाही. गेल्या तीन-चार वर्षांतला बऱ्यापैकी फोन आणि दीड-दोन हजारांचा छोटा एलईडी लाइट पुरतो. फक्त तीन गोष्टी पाळा. फोनची मुख्य लेन्सच वापरा. झूम केलं किंवा वाइड लेन्सवर गेलात की अंधारात चित्र लगेच दाणेदार होतं. चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि एक्स्पोजर लॉक करा, म्हणजे उजेड वर-खाली होणार नाही. आणि ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप चालत असेल तर त्यात शटर १/५० ठेवा. कशासाठी, ते पुढे येतंच.

पैसे घेऊन लोकांची कामं करणार असाल, तर मात्र पुढचं सगळं वाचा.

पैसे लेन्समध्ये घाला, बॉडीमध्ये नाही

दुकानात तुम्हाला मेगापिक्सेल, फोर-के आणि आयएसओचे आकडे दाखवतील. अंधारात यातलं फारसं काही कामाला येत नाही. आत उजेड किती येतो हे लेन्सवर लिहिलेला एफ नंबर ठरवतो, आणि तो आकडा जितका लहान तितकी लेन्स चांगली. कॅमेऱ्यासोबत मिळणारी सोनीची १६-५० किट लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर जाते. निकॉनची १६-५० आणि कॅननची १८-४५ तर एफ ६.३ वर. एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या जवळजवळ साडेनऊपट उजेड घेते, एफ ६.३ च्या बारापट. एवढा फरक ५० हजार जास्त मोजून घेतलेल्या बॉडीनेही भरून निघत नाही.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा : नुसती बॉडी कितीला? किट लेन्स सोडली तर बहुधा आठ-दहा हजार वाचतात. ते एफ १.४ किंवा १.८ च्या प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सकडे वळवा. दिवसाचंही काम असेल आणि झूमशिवाय जमणार नसेल, तर किट लेन्स सेकंडहँड घ्या. ती बाजारात कमी पैशांत भरपूर मिळते, कारण अनेकजण ती विकून टाकतात.

प्राइम लेन्स घेताना अंतर बघा. ५० मिमीची लेन्स स्वस्त असते म्हणून ती गळ्यात मारली जाते. पण या वर्गातल्या छोट्या सेन्सरवर ती ७५-८० मिमीसारखी दिसते. मंडपात, कीर्तनकार बुवांच्या चेहऱ्यासाठी उत्तम. दहा बाय बाराच्या खोलीत हळद लावताना मात्र भिंतीला पाठ लावूनही चौघं फ्रेममध्ये मावत नाहीत. एकच लेन्स घेणार असाल तर २४ ते ३० मिमीच्या आसपासची घ्या. सिग्माची ३० मिमी एफ १.४, निकॉनची २४ मिमी एफ १.७ या त्या जातीच्या लेन्स. खोल्यांतलं काम जास्त असेल तर सिग्माची १६ मिमी एफ १.४. हाताने फोकस करायची तयारी असेल तर चिनी बनावटीच्या ३५ मिमी एफ १.४ लेन्स सात ते दहा हजारांत येतात. चित्र चांगलं देतात, पण नाचणाऱ्या माणसावर फोकस धरणं तुमच्या हातावर अवलंबून राहतं.

अडॅप्टरचा खर्च विसरू नका. कॅननची जुनी ईएफ माउंटची ५० मिमी तुमच्या घरी आहे म्हणून आर ५० घेतला, तर मध्ये बसवायचा अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागतो. कंपनीचा अस्सल अडॅप्टर स्वस्त नाही.

कोणता कॅमेरा

या किमतीत तीन नावं सतत पुढे येतात : सोनी झेडव्ही-ई१०, कॅनन आर ५० आणि निकॉन झेड ३०. तिन्हींचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे साधारण २३ बाय १५ मिलिमीटर. बॉडी ५० ते ६५ हजारांच्या पट्ट्यात. अंधारातलं चित्र तिन्हींचं जवळपास सारखंच. आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त जा, ६४०० वर दाणे दिसायला लागतात, त्यापुढे गिऱ्हाईक विचारेल.

मग निवड कशावर करायची? रेकॉर्डिंगच्या वेळेवर आणि लेन्सच्या बाजारावर. आर ५० एका दमात एक तासच रेकॉर्ड करतो. दोन तासांच्या कीर्तनात नेमका अभंगाच्या मध्यावर तो थांबला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. झेड ३० दोन तासांच्या थोडं पुढे, १२५ मिनिटांपर्यंत जातो. झेडव्ही-ई१० ला अशी ठरलेली मर्यादा नाही, पण फोर-केमध्ये तो तापतो. मेनूत तापमानावर बंद होण्याची सेटिंग ‘हाय’ करून ठेवावी लागते. त्याची बॅटरीही लहान, प्रत्यक्ष कामात सव्वा तास गेली तरी खूप. जादा बॅटरी घ्या, किंवा पॉवर बँक लावून चालवा. जुन्या लेन्स सोनीसाठी सर्वांत सहज मिळतात, आणि उद्या कॅमेरा विकायचा झाला तरी गिऱ्हाईक लवकर सापडतं. लग्न-कीर्तन अशा मिश्र कामाला माझं मत झेडव्ही-ई१० आणि एफ १.४ ची ३० मिमी या जोडीला. फक्त कीर्तन-प्रवचनं करणार असाल तर झेड ३०.

तिन्हींपैकी एकाच्याही बॉडीत सेन्सर हलवून थरथर जिरवणारी यंत्रणा नाही. मेनूतलं ‘ॲक्टिव्ह’ स्टेबिलायझेशन लावलं की चित्राच्या कडा कापल्या जातात. त्यामुळे हातात धरून वरातीबरोबर चालायचं असेल तर गिंबलचे बारा ते वीस हजार आणखी धरा. ते जमत नसेल तर दोन हजारांचा मोनोपॉड घ्या आणि थांबून शूट करा.

खांद्यावरच्या कॅमेऱ्याचं काय? सोनीचा एमसी २५०० अजून कितीतरी लग्नांत दिसतो आणि पाहुण्यांवर त्याची छापही पडते. पण त्याचा सेन्सर पाव इंची वर्गातला आहे. हॅलोजनशिवाय रात्री त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. त्याच घराण्यातला एनएक्स १०० एक इंची सेन्सरचा आहे. झूम, दोन कार्डं, एक्सएलआर माइक, तासन्‌तास चालणारी बॅटरी, सगळं त्यात आहे, पण नवा घ्यायला लाखाच्या वर जावं लागतं. आणि ‘एक इंची’ या शब्दावर भुलू नका. तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, एपीएस-सीच्या एक-तृतीयांश क्षेत्रफळाचा. खोक्यावर छापलेला ‘किमान लक्स’चा आकडाही बाजूला ठेवा. तो बहुधा शटर संथ करून आणि गेन पूर्ण चढवून काढलेला असतो. त्या सेटिंगवरचं चित्र तुम्ही गिऱ्हाइकाला देणार नाही.

फुल फ्रेम, म्हणजे एपीएस-सीपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, हवाच असेल तर सेकंडहँड पाहा. सोनीचा ए७ थ्री २०१८ मध्ये आला, अजून दमदार आहे आणि अंधारात एपीएस-सीपेक्षा स्पष्टपणे पुढे आहे. पण त्याच्या लेन्स महाग. बॉडी परवडली आणि लेन्स परवडली नाही, अशी गत होऊ देऊ नका.

फुकटात मिळणारी सुधारणा

कॅमेरा हातात आला की आधी मेनूत जाऊन एनटीएससीऐवजी पाल निवडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेम आणि १/६० शटरवर शूट केलं की ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी माळांखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. उजेड जास्त असेल तर १/१००. पट्टे जातात, शिवाय १/५० वर थोडा जास्त उजेड मिळतो. ‘कॅमेऱ्यात दोष आहे’ म्हणून कुणी पाच-सातशे रुपये चेकिंगला मागितले, तर आधी ही सेटिंग बघा. काही डीजेच्या एलईडी वॉल वेगळ्या वेगाने लुकलुकतात; तिथे शटर एकेक पायरी बदलून पट्टे कमीत कमी कुठे होतात ते शोधावं लागतं.

गिऱ्हाईक फोर-के मागत नसेल तर फुल एचडीवर शूट करा. १०० एमबीपीएसचं फोर-के तासाला ४५ जीबी खातं, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांत संपतं. ५० एमबीपीएसच्या फुल एचडीला त्याच्या निम्मी जागा पुरते. जागा कमी लागली की हार्डडिस्कचा खर्च कमी आणि जुन्या कॉम्प्युटरवर एडिटिंगही होतं. हा खर्च खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही.

आणि उजेड विकत घ्या. चार हजारांचं चांगलं एलईडी पॅनल नवरीच्या चेहऱ्यावर जे काम करतं, ते चाळीस हजारांची जादा बॉडी करत नाही. घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९५ किंवा वर आहे का ते पाहा, नाहीतर हळदीचा पिवळा रंग हिरवट दिसतो. पुण्यात लाइट घ्यायला तापकीर गल्लीत गेलात, तर लक्षात ठेवा की तिथल्या घरगुती वापराच्या एलईडीवर सीआरआय सहसा लिहिलेला नसतो. स्टँड आणि वायर तिथून घ्या, पॅनल कॅमेऱ्याच्या दुकानातून.

कुठे, कसं, आणि कुठे फसू नये

सुप्याहून बारामती जवळ. कार्ड, बॅटरी, ट्रायपॉड आणि साधे मॉडेल यांसाठी ते पुरतं. लेन्स हाताळून बघायच्या असतील तर चौफुल्यावरून सोलापूर महामार्गाने पुणे गाठा, पूर्ण दिवस राखून ठेवा. सेकंडहँड आणि दुरुस्तीसाठी मुंबईत सीएसएमटीजवळचा बोरा बाजार, पण एका लेन्ससाठी तिथपर्यंत जाऊ नका. जाण्यायेण्यात वाचलेले पैसे संपतात.

दुकानात स्वतःचं कार्ड घेऊन जा. दुकानात लख्ख उजेड असतो, तिथे सगळेच कॅमेरे छान दिसतात. काउंटरखाली किंवा कोपऱ्यात अंधाऱ्या जागी आयएसओ ३२०० आणि ६४०० वर एकेक मिनिट रेकॉर्ड करा, आणि ते घरी टीव्हीवर पाहून मग ठरवा. ‘आजच घेतला तर हा भाव’ असं म्हणणाऱ्याला उद्याही तोच भाव परवडतो.

बिलात पुढची फसवणूक ठरलेली. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे ‘जीएसटी वेगळा’ हे एमआरपीवर लागू होत नाही. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर स्वतःचा नंबर घालून घ्या, कराची वजावट मिळू शकते. नसेल तरी पक्कं बिल घ्याच. ‘बिल नको असेल तर तीन हजार कमी’ या सौद्यात वॉरंटी जाते, विकताना भाव पडतो, आणि चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला कागद राहत नाही. बिलावर कॅमेरा आणि लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर हवेत. भाव बाजारापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी सांगत असतील तर थेट विचारा : भारताची कंपनी वॉरंटी आहे की इम्पोर्टेड? इम्पोर्टेड मालावर ‘दुकानाची वॉरंटी’ देतात. ती त्या दुकानापुरतीच.

कॉम्बोपासून जपा. बॅग, कार्ड, छोटा ट्रायपॉड मिळून ‘नऊ हजारांचं सामान मोफत’, असं सांगतात. त्यातलं कार्ड बहुतेकदा फोर-केला कमी पडणारं असतं. तुम्हाला व्ही३० लिहिलेलं कार्ड हवं. ते सामान वगळून भाव किती, ते विचारा. कार्ड सुटं घेतलं तर ते पहिल्याच दिवशी पूर्ण भरेपर्यंत रेकॉर्ड करून पाहा. नकली १२८ जीबी कार्ड ३२ जीबीनंतर फाइल खराब करतं, आणि ते कळतं तेव्हा लग्न होऊन गेलेलं असतं.

हप्त्यावर घेणार असाल तर आधी रोखीचा भाव विचारा, मगच हप्त्याचं नाव काढा. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा असतो. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात व्याजाच्या रकमेवरही जीएसटी लागतो, आणि रोखीची सूट हातची जाते. सगळं मिळून दोन-तीन हजार सहज वाढतात. कागदपत्रं : आधार, पॅन, बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक, फोटो, आणि खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची संमती. सह्या करताना त्यात विमा किंवा जादा वॉरंटी घातली आहे का ते वाचा. नको असेल तर तिथेच काढायला लावा. कार्ड स्वाइपवर दोन टक्के जादा मागितले तर नकार द्या आणि यूपीआयने द्या.

सेकंडहँड कॅमेरा घेताना अर्धा तास तरी तपासा. लेन्सवर टोपी लावून आयएसओ ६४०० वर मिनिटभर रेकॉर्ड करा. पांढरे-लाल ठिपके स्थिर दिसले तर सेन्सरचे पिक्सेल गेलेत. पांढऱ्या भिंतीवर एफ १६ ठेवून फोटो काढा, धुळीचे डाग दिसतात. लेन्समधून टॉर्च टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, सोडून द्या. माइक आणि एचडीएमआयच्या जोडण्या हलवून पाहा. मूळ बिल, विकणाऱ्याच्या आधारची प्रत, आणि सीरियल नंबर लिहिलेली सही केलेली पावती. यातलं एक जरी नसेल तरी पैसे देऊ नका.

भाडं, भंडारा, लेझर

महिन्याला दोन-तीनच कामं असतील तर कॅमेरा घेऊच नका. एपीएस-सी बॉडी दिवसाला हजाराच्या आसपास, चांगली लेन्स पाचशे ते आठशे, फुल फ्रेम दीड-दोन हजारांच्या पुढे अशा भावात भाड्याने मिळते. आधारची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि अनामत किंवा चेक लागतो. ‘दिवस’ म्हणजे २४ तास की संध्याकाळी सातपर्यंत, हे आधी विचारा. रात्रीच्या कामाला हा प्रश्न महत्त्वाचा आहे : हळद रात्री बाराला संपते, सकाळी तुम्ही पुण्याला परत करता, आणि बिल दोन दिवसांचं येतं. उचलताना कॅमेऱ्याच्या चारही बाजूंचा, लेन्सच्या काचेचा व्हिडिओ काढून ठेवा.

जेजुरीला सोमवतीला किंवा चंपाषष्ठीला शूटिंग करणार असाल, घरच्या जागरणातही, तर भंडाऱ्यापासून जपा. ती हळद झूमच्या फटींतून आत जाते. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावा, बॉडीवर पारदर्शक पिशवी बांधा, आणि लेन्स तिथे अजिबात बदलू नका. आत गेलेल्या धुळीवर कोणतीच वॉरंटी चालत नाही. सेन्सर साफ करायला हजार रुपये तरी जातात, आणि लेन्स उघडावी लागली तर त्याच्या कितीतरी पट. तसंच डीजेच्या लेझरचं. किरण थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर क्षणात जळतो आणि पडद्यावर कायमची रेघ राहते. वॉरंटी नाही, आणि सेन्सर बदलण्याचा खर्च बॉडीच्या किमतीला भिडतो. लेझर चालू असेल तर कॅमेरा वळवा, नवरदेवाच्या मित्रांना वाईट वाटलं तरी चालेल.

मोरगाव किंवा जेजुरीच्या देवळात गाभाऱ्यापाशी शूटिंगआधी देवस्थानच्या माणसांना विचारा. जवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा टिपायचा असेल तर वन खात्याच्या परवानगीने आणि ठरलेल्या वेळेतच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात चित्रीकरणाला परवानगी लागते, आणि रात्री प्राण्यांवर प्रकाशझोत टाकून शूटिंग करण्याचा विचारही नको.

माल खराब निघाला तर

ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात सीरियल नंबर दिसू द्या. वॉरंटीची नोंदणी बिलाच्या दिवशीच कंपनीच्या संकेतस्थळावर करा. काही कंपन्यांचं दुसरं वर्ष नोंदणीवरच अवलंबून असतं. दोष दिसला की दुकानदाराला आधी व्हॉट्सॲप किंवा ईमेलने लेखी कळवा, फोनवर बोलून थांबू नका. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही काम झालं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. ती ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. दुकान मुंबईचं असलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. ‘धंद्यासाठी घेतला म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असं दुकानदार म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेला कॅमेरा या कायद्यात बसतो. तक्रारीत ही गोष्ट स्पष्ट लिहा. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, सीरियल नंबरचा फोटो, लेखी कळवल्याचे स्क्रीनशॉट आणि सर्व्हिस सेंटरचा जॉबशीट जोडा. तो जॉबशीट मागितल्याशिवाय कॅमेरा कुठल्याही काउंटरवर सोडून येऊ नका.